माक्याच्या घरची सून

माका कुणी लावत नाही, तो आपला उगवतो. नालीच्या काठाला, गळक्या नळाखाली, रिकाम्या प्लॉटवर पाणी साचतं तिथे. हातभर उंचीचं झाड, अंगावर बारीक खरखरीत लव, शर्टाच्या बटणापेक्षा लहान पांढरी फुलं. ज्याला माहीत नाही तो तण म्हणून उपटून फेकतो. पान बोटांत चुरडलं की रस आधी हिरवा निघतो आणि बघता बघता काळा पडतो. माझी नखं कित्येक वर्षं अशीच काळी आहेत. बँकेत सही करताना समोरचा आधी माझी बोटं बघतो आणि मग सही.

नागपुरात हुडकेश्वरला आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला घरांपेक्षा प्लॉटच जास्त होते, त्यामुळे माक्याला तोटा नव्हता. सासूबाई सकाळी फिरायला जायच्या आणि येताना पदरात माका घेऊन यायच्या. तो धुऊन, वाटून, फडक्यातून पिळायचा. मग तो रस तिळाच्या तेलात घालून लोखंडी कढईत मंद आचेवर कढवत बसायचं. पाणी आटलं की नाही हे बघायला कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे, मुकाट जळली तर तेल झालं. हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं, आणि तोवर ते घरापुरतंच होतं.

केस मात्र मी माहेरून आणले. माझ्या आईचे तसे होते, आजीचेही होते. कन्हानच्या आमच्या घरात साध्या खोबरेलाशिवाय डोक्याला कुणी काही लावलं नाही, तरी आम्हा सगळ्यांच्या वेण्या कमरेच्या खाली. लग्न होऊन आले आणि सासूबाईंनी मला समोर बसवून माक्याचं तेल चोळलं. तेव्हापासून सगळं श्रेय तेलाचं. म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा, तसं ते तेल माझ्या डोक्यावर येऊन बसलं. मला तेव्हा गंमत वाटली होती.

सासरे गेल्यावर सासूबाई फार गप्प झाल्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या, रस्त्यावरून कोण गेलं ते बघायच्या, पण कुणाला हाक मारायच्या नाहीत. त्या वर्षी शेजारच्या एका बाईने मला विचारलं, वहिनी, केसांना लावता तरी काय? मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत तेल भरून घेऊन आल्या. पुढच्या आठवड्यात तिची बहीण आली, मग बहिणीची जाऊ. माझा नवरा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कारकून आहे. त्याने कुठून तरी रिकाम्या बाटल्यांची खोकी आणली आणि अमरावतीच्या ट्रकवाल्यांना सांगून बाटल्या पाठवायलाही सुरुवात केली. सासूबाई खिडकीतून उठून दारात येऊन बसल्या. त्यांचा आवाज परत आला. मला खरंच बरं वाटलं होतं, ते मी नाकारत नाही.

पण गिऱ्हाईक नुसतं तेल बघून विकत घेत नाही. तेल काय, काळपट हिरवं पाणी. त्याला पुरावा लागतो.

"वं, इकडे ये जरा. केस सोडून दाखव बाईले," सासूबाईंची हाक यायची.

मी कणीक मळत असायची, अंगाला घाम, कुकरची शिट्टी व्हायची असायची. हात धुऊन बाहेर यायचं, अंबाडा सोडायचा, आणि बायका मागून पुढून बघायच्या. कुणी हात लावून बघायची, कुणी टोक हातात घेऊन वजन करावं तसं तोलून बघायची. एकीने तर ओढून बघितलं. "भाभी, बुरा मत मानना, आजकल सब नकली आता है," असं म्हणून वर हसली. सासूबाईही हसल्या. गोठ्यात गाय बघायला आलेले लोक तिचे दात बघतात, तेव्हा गायीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, कौतुकच करतात ना. त्याच्या डोक्यावर तेव्हाच टक्कल दिसायला लागलं होतं. त्याला कधी कुणी तेलासमोर उभं केलं नाही.

मग मान दुखायला लागली. आधी संध्याकाळी, पुढे सकाळपासूनच. धुतलेले केस नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा लवकर वाळत नाहीत. ओला अंबाडा दिवसभर मानेवर, आणि तेलाच्या वासाने डोकं जड. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला, व्यायाम सांगितले आणि म्हणाले, हे एवढं वजन आधी कमी करा, खांद्यापर्यंत ठेवा, निम्मं दुखणं जाईल. मी घरी येऊन तसंच सांगितलं.

"डॉक्टरले काय जाते सांगाले," सासूबाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांब ना. ऑर्डरी आहेत."

दिवाळीनंतर लग्नसराई आली. लग्नसराईनंतर उन्हाळा, म्हणजे केस गळायचे दिवस, म्हणजे आमचा खरा धंद्याचा मोसम. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. मला कुणी नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळे नुसतं थांब म्हणत होते, आणि मी पट्टा बांधून पोळ्या लाटत होते. गिऱ्हाईक आलं की पट्टा काढून ठेवायचा, कारण केसांच्या खाली पट्टा बरा दिसत नाही.

त्याच सुमारास नालीची भानगड झाली. एका बाईने सासूबाईंना सकाळी नालीकाठी वाकून माका उपटताना पाहिलं. दुपारपर्यंत ते कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं, की मावशी गटाराच्या काठचं झाड आणून तेल करतात. कुणी ओकारीची चित्रं टाकली. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. नवऱ्याने ठरवलं की आता माका आपण लावायचा. शेजारचा प्लॉट रिकामाच होता. मालक पुण्याला, प्लॉटवर फक्त 'विकणे नाही' अशी पाटी. फोन केल्यावर तो म्हणाला, लावा काय लावायचं ते, गवत तरी उगवणार नाही.

आम्ही रीतसर शेती केली. वाफे केले, शेणखत घातलं, सुकलेल्या फुलांतलं काळं बारीक बी चोळून काढलं, सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरतात तसं ओळीत पेरलं आणि वरून माती लोटली. रोज झारीने पाणी. वाफ्यांत काही म्हणता काही उगवलं नाही. आणि आमच्या मोरीचं पाणी प्लॉटवर ज्या वाटेने वाहत जायचं, जिथे आम्ही बी पाखडताना सांडलं होतं, तिथे मात्र माका असा दाटला की पाय ठेवायला जागा नाही. सासूबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"याले लाड नाही चालत वं," त्या म्हणाल्या. "याले चिखल पाह्यजे. अन् मातीखाली दाबलं त येतच नाही तो, उघड्यावर पाह्यजे त्याले."

मग वाफे मोडले. बी नुसतं ओल्या चिखलावर भुरभुरलं. जुन्या झाडांच्या फांद्या आडव्या पसरून दिल्या, तर जिथे जिथे पेर चिखलाला टेकलं तिथे तिथे मुळं फुटली. घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी नळी लावून तिकडे सोडलं आणि त्यासाठी चर खणला. थोडक्यात, आम्ही स्वच्छ पाण्याची एक नाली बांधली. नवऱ्याने तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. बायकांनी नमस्काराचे हात पाठवले, आणि धंदा आधीपेक्षा वाढला.

रानचं झाड घरात आणलं की घरच्या माणसाला बांधून ठेवतं. नालीकाठचा माका उन्हाळ्यात मरायचा आणि पावसाळ्यात परत यायचा, कुणाला त्याची पर्वा नव्हती. आता मे महिन्यातही तो हिरवा हवा. वर हिरवी जाळी बांधली, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी, मध्येच विळ्याने कापणी, आणि हे सगळं करायला घरात मी. माझं माहेर कन्हानला, म्हणजे सकाळी निघालं तर जेवायला पोचावं एवढं जवळ. तरी दोन उन्हाळे मी तिथे एक रात्रही राहिले नाही. आईचा फोन आला की ती विचारायची, येऊन का नाही राहत? मी म्हणायची, माक्याला पाणी कोण घालेल. ती म्हणायची, बाई, गुरं असती तरी समजलं असतं.

वर्षातला एकच पंधरवडा मला मोकळा मिळायचा, तो म्हणजे पितृपक्ष. श्राद्धाला पितरांच्या पानावर तुळशीबरोबर माका लागतो. एरवी ज्यांना माका ओळखता येत नाही ते लोक त्या दिवसांत आमच्या फाटकाशी उभे असायचे. मावशी, आज बाबांची तिथी आहे, थोडा माका द्या. सासूबाई स्वतः जाऊन कोवळी पानं खुडून दोन्ही हातांनी द्यायच्या. पैशाला हात लावायच्या नाहीत. त्यांचा नियमच होता की या पंधरवड्यात माका पितरांचा, त्यामुळे कढई चढवायची नाही, तेल विकायचं नाही. म्हणजे गिऱ्हाईक नाही, म्हणजे केस सोडून दाखवणं नाही. त्या दिवसांत मी पट्टा दिवसभर घालू शकायची.

गेल्या पितृपक्षात एका सकाळी मी उठले आणि मला मान वळवताच येईना. बाजूला बघायचं तर सगळं अंग वळवावं लागत होतं. तशीच स्वयंपाकाला लागले. पाणी भरताना वेणी खांद्यावरून पुढे आली आणि बादलीत पडली, आणि मला एकदम असा राग आला की हातातली बादली मी तिथेच सोडून दिली. पर्स घेतली आणि निघाले. आत्ता कापले नाहीत तर पंधरवडा संपेल, कढई चढेल आणि परत थांब सुरू होईल, एवढंच डोक्यात होतं.

कोपऱ्यावरच्या पार्लरवालीकडे गेले. तिच्या आरशाखाली आमच्याच तेलाच्या बाटल्या मांडलेल्या. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली.

"ताई, पितर चालू आहे. या दिवसात कोणी केस कापते का? अन् तुमचे मी नाही कापत. मावशी माह्या दारात येऊन बसतीन."

"मी पैसे देऊन राहिली ना?"

"तुमी कितीही द्या. मले इथंच राहायचं हाय."

बाहेर आले तर रस्त्याच्या पलीकडे पुरुषांचं सलून. पितृपक्षात त्याच्याकडे कुत्रं फिरकत नाही. न्हावी खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचत बसला होता, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मी सरळ आत गेले. तो दचकून उभा राहिला.

"वैनी, हे जेन्ट्स हाय."

"दिसून राहिलं मले. केस कापायचे आहेत."

"पितरपक्ष हाय ना, वैनी."

"म्हणूनच तर जागा आहे तुमच्याकडे."

त्याने माझ्या वेणीकडे बघितलं. सगळ्या कॉलनीला ती माहीत होती. "घरी इचारलं का?"

"दाढी करायला येणाऱ्या माणसाच्या घरी विचारता का तुम्ही?"

त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, तेही नवीन धुतलेलं शोधून. वेणी वरून धरली तर कात्री चालेना, तेलाने घसरत होती. मग त्याने वेणी सोडली आणि पेडापेडाने कापले. मी डोळे मिटले नव्हते, आरशात बघत होते. शेवटचा पेड तुटला तेव्हा डोकं आपोआप वर गेलं, जसं मागून धरून ठेवलेल्या माणसाने अचानक हात सोडावा. मी रडेन असं वाटलं होतं, पण मला हसू आलं. कापलेले केस त्याने पेपरात गुंडाळून पुढे केले. मी ते तिथेच ठेवून आले.

घरी सासूबाई अंगणात कुणासाठी तरी माका खुडून ठेवत होत्या. मला बघून त्यांच्या हातातली पानं तशीच राहिली.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "कोण मेलं?"

मी आत जाऊन बादली भरली. संध्याकाळी नवरा आला, त्याने बघितलं, पाणी प्यायला, परत बघितलं आणि म्हणाला, निदान सांगायचं तरी. रात्री हळूच विचारलं, ते कापलेले आणले नाहीस का? नाही म्हटलं, तर कूस बदलून झोपला. त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं. पण माझी मान सुटली होती. सकाळी उठून मी उगीचच डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची. डोकं धुतलं तर देवपूजा होईपर्यंत केस वाळलेले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं वाट बघितली, याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

अमावास्या जवळ आली तरी सासूबाई बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं चिडतील, टोमणे मारतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतील. त्याची माझी तयारी होती. पण त्या नुसत्या प्लॉटच्या कडेला पाटावर बसून राहायच्या. अमावास्येच्या संध्याकाळी मी पाणी सोडायला गेले तेव्हाही तिथेच होत्या. चरातलं पाणी फिरेपर्यंत मी उभी राहिले. माका फुलांनी भरला होता.

"उद्यापासून कढई चढवायची ना, आई?" मी विचारलं.

"कोणासाठी?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "मले कोण इचारते वं? बाया येत होत्या त तुह्या केसाईसाठी. तुले पाहाले येत, अन् दोन घडी माह्याजवळ बसत. आता काहून येतीन?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. माझी मान मोडली तरी चालेल, पण त्यांच्या दारात बायका यायला हव्यात, असाच त्याचा अर्थ होता. आणि बायका आल्या नाहीत तर त्या परत खिडकीशी जाऊन बसतील, हेही मला दिसत होतं. मी पाणी बंद केलं आणि आत आले.

घट बसले त्या दिवशी त्यांनी कढई चढवली. माझ्याशी न बोलता सगळं स्वतः केलं, वात पेटवून बघितली, तेल गाळलं. नंतर दोन-तीन दिवस कुणी फिरकलं नाही. कॉलनीतल्या ओळखीच्या बायका फाटकावरून जाताना माझ्याकडे बघून पुढे जात होत्या. मग एका दुपारी वाडीहून एक बाई आली. कधी न पाहिलेली, नवऱ्याच्या गोडाऊनमधल्या कुणाची तरी नातेवाईक. केस फार गळतात म्हणत होती. मी आत पोहे भिजवत होते.

"वं, इकडे ये जरा," सासूबाईंची हाक आली.

नेहमीचीच हाक, नेहमीच्याच आवाजात. मला आधी कळेचना. मी हात पुसून बाहेर आले आणि दारात उभी राहिले, मानेपर्यंतच्या केसांनी. मनात म्हटलं, बघू दे. एकदाचं बघू दे आणि संपू दे हे.

"हे पाहा, हे माही सून," सासूबाई त्या बाईला म्हणाल्या. "उन्हाळ्यात टायफाइड झाल्ता इले. डोकं पार उघडं पडलं होतं, तळहातासारखं. रोज तेल लावलं मी. आता पाहा, मानेपर्यंत आले."

त्यांनी हे आधी ठरवून ठेवलं होतं की तोंडातून निघून गेलं, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मांडीवरच्या बाटलीचं घट्ट असलेलं झाकण त्या आणखी घट्ट करत होत्या.

"खरंच का हो, ताई?" त्या बाईने मला विचारलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती. "एवढ्या लवकर आले?"

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. टायफॉईड झाला नाही, मी कापले, मला नको होते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, इतक्या दिवसांपासून तयार होतं.

"हाव," मी म्हटलं.

तिला नीट दिसावेत म्हणून मी पाठ फिरवली आणि मान खाली घातली. मान जराही दुखली नाही. त्या बाईचा हात केसांतून फिरला, मुळांशी थांबला, परत फिरला.

"दोन बाटल्या द्या मावशी," ती म्हणाली.

सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकलेला मला मागून ऐकू आला. मग त्यांचा तो जुना, मोठा, दारात बसल्यावरचा आवाज आला.

"दिवाळीले अजून एक डाव येऊन जाय, बाई. तवापर्यंत पाहा कुठंपर्यंत येतात ते."